गोळी झाकून, भाकरी चव्हाट्यावर

एसटीच्या साध्या आणि निमआराम गाडीत एचआयव्हीबाधित व्यक्तीला पूर्ण तिकीट माफ आहे. गोळ्यांसाठी जिल्ह्याच्या एआरटी केंद्रापर्यंत, म्हणजे एचआयव्हीची औषधे मोफत देणाऱ्या सरकारी केंद्रापर्यंत, साठ-सत्तर किलोमीटर यायचे, त्या दिवसाची मजुरी बुडवायची आणि वर भाडे भरायचे, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांना या सवलतीचा मोठा आधार व्हायला हवा. माझ्या ओळखीच्या ज्या बाया दर दोन-तीन महिन्यांनी ही फेरी करतात, त्यांतली एकही ती घेत नाही. १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धे तिकीट लागू झाले, तेव्हा मात्र त्यांचे चेहरे उजळले होते. अर्ध्या तिकिटासाठी बाई असणे पुरते. माफीच्या तिकिटासाठी कार्ड काढून दाखवावे लागते. कंडक्टर भला माणूस असेलही, पण गाडी गावाकडची असते आणि शेजारच्या सीटवर भावकीतले कुणीतरी बसलेले असते.

मी डॉक्टर नाही की कुठल्या संस्थेचा पगारी कार्यकर्ताही नाही. काही वर्षे मी या लोकांना सरकारी अर्ज भरायला मदत करतो, एवढाच माझा संबंध. अर्ज भरताना जे वारंवार दिसले त्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे. औषध देताना आपली व्यवस्था या माणसांचे गुपित जिवापाड जपते आणि पोटाला हातभार लावायची वेळ आली की तेच गुपित दहा टेबलांवरून फिरवते. त्यांच्या सामाजिक आणि आर्थिक गरजा अजून अपुऱ्या आहेत त्याचे सर्वात मोठे कारण पैशांची टंचाई हे नाही. मदतीचे दार उघड्या चौकात बसवले आहे, हे आहे.

औषधाच्या बाजूने झालेले काम खरोखर मोठे आहे, हे आधी मोकळेपणाने सांगायला हवे. १९८६ साली चेन्नईत देशातली पहिली प्रकरणे उजेडात आली. पुढची अठरा वर्षे गरीब माणसासाठी पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे मरणाची चिठ्ठी होती. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी सुरू केली. पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. तेव्हाच्या गोळ्यांत स्टॅव्हुडीन असे. त्याने जीव वाचे, पण काही वर्षांत गाल आत जात, हातापायांच्या शिरा वर येत, आणि ज्याला लपवायचे त्याचा चेहराच बोलू लागे. ते औषध आता गेले. २०१७ पासून सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा, किती आहे हे न बघता निदान झाले की लगेच उपचार सुरू होतात. दिवसाला टीएलडीची, म्हणजे तीन औषधे एकत्र असलेली, एक गोळी पुरते. गोळ्या नीट चालू राहिल्या की व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या, रिपोर्टवर 'टीएनडी' येते, म्हणजे विषाणू तपासणीत सापडलाच नाही. असा माणूस लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण देत नाही, हे विज्ञानाने निःसंशय दाखवले आहे. आज देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. त्यांतले जवळपास ४ लाख महाराष्ट्रात, म्हणजे कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. पंचविशीत निदान झालेल्या माणसाला आता नातवंडे बघायची आशा धरता येते.

जगणे लांबले की जगण्याचा खर्चही लांबतो. घरभाडे, मुलांची फी, आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, बहिणीचे लग्न हे सगळे आले. सरकारी मदतीच्या कागदात मात्र हा माणूस अजून 'दुर्धर आजाराने स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारा' आहे. मदत मिळवायची तर त्याने आपण कामातून गेलो आहोत हे सिद्ध करायचे, आणि तेही चारचौघांसमोर.

गुप्ततेचा मी एवढा आग्रह का धरतो, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले होते, त्यातून तो पॉझिटिव्ह असल्याचे आरोग्य खात्याला कळले. पोलिसांनी त्याला नेले आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस पहाऱ्यात ठेवले. त्याची आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेली. तो बाहेर आला, पण अशा विलगीकरणाची तरतूद न्यायालयाने तेव्हा वैध ठरवली. पुढे डॉमिनिकने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. त्यानंतर पाच वर्षांनी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी कामगाराचा खटला निकाली निघाला. तपासणीत पॉझिटिव्ह आला म्हणून एका सरकारी कंपनीने त्याला कामावर घ्यायचे नाकारले होते. काम करायला तो धडधाकट होता. केवळ एचआयव्ही आहे म्हणून अशा माणसाची रोजीरोटी काढून घेता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्या खटल्यात माणसाचे नाव 'एमएक्स' आणि कंपनीचे 'झेडवाय' असे नोंदले आहे. नाव झाकून न्याय मागता येतो, हे या निकालाने दाखवले. हाच हक्क वीस वर्षांनी संसदेच्या कायद्यात आला. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचे घर, विमा यांत भेदभाव करता येत नाही. माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याची स्थिती कुणाला सांगता येत नाही. ज्या आस्थापनेकडे ही माहिती असेल तिने ती सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था केली पाहिजे.

एआरटी केंद्रात हे बऱ्यापैकी पाळले जाते. नंबर असतो, हिरवी वही असते, काउन्सेलर मॅडम दार लोटून घेऊन बोलतात. बाई घरी येते. गोळ्यांच्या प्लास्टिकच्या डबीवरचे लेबल खरडून काढते आणि डबी खुळखुळू नये म्हणून वर कापूस दाबते. जावेला वाटते, रक्तवाढीच्या गोळ्या आहेत. सात-आठ वर्षे हे एकही दिवस न चुकता करणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा.

आता हीच बाई, किंवा तिच्यासारखाच एखादा पुरुष, तहसीलला जातो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सचा रुग्ण पात्र आहे. महिना १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकाचा वा वैद्यकीय अधीक्षकाचा दाखला जोडायचा, ज्यावर आजाराचे नाव असते. अर्ज सेतूत स्कॅन होतो, तिथे गावातलाच पोरगा बसलेला असतो. मग चौकशीला तलाठी. मग तालुक्याची समिती, जिच्यात अधिकाऱ्यांबरोबर अशासकीय सदस्यही असतात, म्हणजे बाजारच्या दिवशी आपल्याला भेटणारी, निवडणुकीत घरी येणारी माणसे. एवढ्या हातांतून गेलेला कागद गुप्त राहील, असे कुणीही प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. यांतला एखादा माणूस वाईट असावा लागत नाही. एकाने घरी बायकोला सहज सांगितले की गावभर व्हायला दोन दिवस पुरतात. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला देताना तीच धास्ती नव्याने.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या विधवा बाया एक वाट काढतात. त्याच योजनेत निराधार विधवेचाही प्रकार आहे. त्या विधवा म्हणून अर्ज करतात आणि आजाराचा उल्लेख कुठेच करत नाहीत. मिळणारी रक्कम तीच. यात काही खोटे नाही, कारण त्या विधवा आहेतच. पण याचा एक परिणाम कुणाच्या ध्यानात येत नाही. एचआयव्हीच्या नावाखाली येणारे अर्ज थोडे दिसतात आणि कचेरीत बसलेल्या माणसाला वाटते, मागणीच नाही. घाबरून न आलेला माणूस आकड्यात दिसत नाही, आणि जो आकड्यात दिसत नाही त्याच्यासाठी कुणी तरतूद वाढवत नाही.

उत्पन्नाची अट तर बघवत नाही. सगळ्या कुटुंबाचे मिळून वर्षाला २१,००० रुपये. महिन्याला १,७५० झाले. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. घरातल्या एकाच माणसाने ६८ दिवस काम केले की कुटुंब या मर्यादेबाहेर गेले. एआरटीवर असलेला माणूस धडधाकट होतो, काम करू शकतो, ही तर उपचाराची सारी कमाई. ही अट त्याला सांगते की काम केलेस तर मदत विसर. मग तहसीलदाराकडून उत्पन्नाचा दाखला २१,००० चाच मिळावा म्हणून खटपट सुरू होते, आणि गरीब माणसाला खोटे बोलायला आपणच लावतो.

जुलै २०२४ मध्ये याच राज्याने लाडकी बहीण योजना आणली. तिथेही महिना १,५०० रुपये. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख, आणि पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याचीही गरज नाही. ती योजना असावी की नसावी हा माझा आजचा विषय नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांच्या घरी त्या पैशांनी किराणा येतो आणि ती गोष्ट मी हलकी मानत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे: अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला १,५०० रुपयांची गरज आहे हे राज्याला पटते, तर ज्याला जन्मभर गोळी घ्यायची, दर दोन-तीन महिन्यांनी मजुरी बुडवून केंद्रावर जायचे, त्या पुरुषाने तेवढ्याच पैशांसाठी २१,००० च्या आत का राहायचे? कुणी म्हणेल, तिजोरीवर भार येईल. हिशेब करू. राज्यातल्या सगळ्या ४ लाख बाधितांना, श्रीमंत-गरीब न बघता, महिना १,५०० दिले तर वर्षाला ७२० कोटी लागतील. लाडकी बहीणसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटी ठेवले होते. म्हणजे तिथल्या दर शंभर रुपयांमागे दोन. शिवाय बाधित बायकांपैकी अनेकींना या ना त्या योजनेतून ही रक्कम आधीच मिळते, तेव्हा नवा बोजा याहूनही कमी.

कामाच्या ठिकाणी काय होते ते बीडच्या ऊसतोडीत स्पष्ट दिसते. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन माणसे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिने फडावर राहतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा गेला की बाई अर्धा कोयता होते, उचलही अर्धी. कोप्यांना दारे नसतात, डबी लपवायला कोपरा नसतो. गोळ्या संपल्या तर दुसऱ्या जिल्ह्याच्या केंद्रावर जाता येते, पण एक दिवस फड सोडला की मुकादम विचारतो, कुठे जायचंय? काय आजार आहे? खाडा धरला जातो तो वेगळाच. या कारणाने गोळ्या तुटतात आणि टीएनडी आलेल्या माणसाचा व्हायरल लोड पुन्हा चढतो. औषधात काही कमी नसते. कामाच्या अटीच अशा आहेत की ते रोज पोटात जात नाही. कारखान्याच्या हंगामाचे सहा महिने गृहीत धरून गोळ्या आधीच द्याव्यात आणि फडाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्या बिनबोभाट मिळाव्यात, ही मागणी फार मोठी नाही.

कायद्याने भेदभावाविरुद्ध तक्रार अधिकारी नेमायला सांगितले आहे, पण १०० किंवा जास्त माणसे कामाला असलेल्या ठिकाणी; दवाखान्यांसाठी ही संख्या २० आहे. धुणीभांडी करणारी बाई, ढाब्यावरचा आचारी, वाळूच्या ट्रकवरचा ड्रायव्हर यांच्या मालकाकडे १०० माणसे कुठून येणार? त्यांच्यासाठी याच कायद्याखालचा राज्याचा लोकपाल आहे. त्याच्याकडे जायचे तर पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा सांगायचे. नाव न उघडता तक्रार चालवण्याची सोय कायद्यात आहे, पण ती सोय असल्याचे माझ्याकडे आलेल्या एकालाही ठाऊक नव्हते. विम्याबद्दल लांबण लावत नाही. कायदा एक सांगतो आणि एजंट फॉर्म परत देतो.

घराचा प्रश्न बायकांच्या वाट्याला जास्त येतो. नवरा वारला की सासरचे म्हणतात, हिनेच आणले. खरे तर पुष्कळदा तिची तपासणीच नवरा अंथरुणाला खिळल्यावर किंवा ती गरोदर असताना झालेली असते. राहत्या घरातून तिला काढता येणार नाही असे कायद्यात स्वच्छ लिहिले आहे. पण सातबारावर वारस म्हणून तिचे नाव चढवायला कुणी जात नाही, आणि ती स्वतः गेली तर दीर म्हणतो, तुझं सांगू का सगळ्यांना? तोंड बंद ठेवायच्या बदल्यात जमीन, असा हा सौदा असतो. अशी धमकी देऊन हक्क सोडायला लावणे हा गुन्हाच आहे. पण फिर्याद द्यायची म्हणजे जे झाकायचे तेच ठाण्यात जाऊन सांगायचे, म्हणून ती गप्प बसते.

याच कायद्यात एक तरतूद अशी आहे की वाचताना मी थांबलो. आईबाप आजारी किंवा गेलेले असतील तर १२ ते १८ वयाचे समंजस भावंड आपल्या धाकट्या भावंडांचे पालक म्हणून शाळेत नाव घालू शकते, बँकेचा व्यवहार करू शकते. ज्याने कुणी हे लिहिले त्याने अशी घरे पाहिली असणार. बारा वर्षांची पोर धाकट्याचा हात धरून शाळेत जाते आणि गुरुजी विचारतात, मोठं कुणी नाही का?

ती पिढी आता मोठी झाली. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावचे सेवालय, बीडजवळ पालीचे इन्फंट इंडिया अशा ठिकाणी वाढलेली मुले वीस-पंचविशीत आहेत. त्यांना वाढवणाऱ्यांनी गावाचा विरोध सोसला, शाळेत मुलांना बसू देण्यासाठी भांडण केले, पुढे त्यांची लग्नेही लावली. बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये अठराव्या वर्षी थांबतात. त्यानंतर त्या मुलाला भाड्याची खोली हवी, आयटीआय किंवा नर्सिंगचा प्रवेश हवा, आणि मुख्य म्हणजे आडनावापलीकडे सांगायला काही कुळकथा नसताना नोकरी हवी. राज्याने २०१८ मध्ये अनाथांना नोकरी-शिक्षणात एक टक्का समांतर आरक्षण दिले, त्याचा अशा काही मुलांना उपयोग होतो. ते 'अनाथ' म्हणून जातात, आजाराचे नाव कुठे येत नाही. अर्ध्या तिकिटाची, विधवेच्या रकान्याची आणि या आरक्षणाची गोष्ट एकच आहे. जिथे दार सगळ्यांसाठी असते तिथून ही माणसे आत येतात, आणि फक्त त्यांच्यासाठी पाटी लावलेल्या दाराकडे फिरकत नाहीत.

कलंक समाजाच्या मनात आहे, आधी जनजागृती करा, असे मला नेहमी सांगितले जाते. जनजागृती व्हायलाच हवी. पण गावाचे मन बदलायला पिढ्या लागतात आणि दाखल्याचा नमुना बदलायला एक शासन निर्णय लागतो. दाखल्यावर आजाराचे नाव नको. 'योजनेतील वैद्यकीय निकषानुसार पात्र' एवढे लिहिले तरी पैसे देता येतात. माणूस खरा बाधित आहे की नाही याची खात्री एआरटी केंद्राने कधीच करून ठेवलेली आहे. मग तोच अर्ज तलाठ्याकडे आणि समितीकडे कशाला? केंद्रातल्या नोंदणी क्रमांकावरून जिल्हा पातळीवरच्या एका अधिकाऱ्याने मंजुरी द्यावी आणि रक्कम थेट खात्यात जावी. बँकेच्या पासबुकात योजनेचे नाव काय छापले जाते, इकडेही लक्ष हवे; पासबुक घरात नवराही वाचतो, सासूही वाचून घेते. एसटीने सिकलसेल, हिमोफिलिया, डायलिसिस, एचआयव्ही अशा सगळ्यांना एकाच रंगाचा, एकाच मजकुराचा पास द्यावा.

एक आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, कारण तो याच चळवळीतल्या माणसांकडून येतो. ते म्हणतात, लपवत राहिलो तर कलंक पक्का होतो. उघड उभे राहिल्याशिवाय काही बदलले नाही. डॉमिनिक उघड उभा राहिला, त्याच्यानंतर राज्याराज्यांतल्या बाधितांच्या नेटवर्कमधल्या कितीतरी बायका व्यासपीठावर नाव सांगून उभ्या राहिल्या, म्हणूनच औषध आले आणि कायदा आला, हे खरे आहे. त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण त्यांनी ते स्वतः ठरवून केले. १,५०० रुपयांच्या अर्जासाठी तलाठ्यासमोर जे उघड होते ते कुणी ठरवून केलेले नसते.

पुढच्या सोमवारी एका बाईचा अर्ज द्यायचा आहे. नवरा जाऊन चार वर्षे झाली, मुलगी आठवीत आहे. अर्जदाराच्या प्रकारापुढे आम्ही 'विधवा' लिहिणार आहोत. तिच्याच गावातला एक माणूसही माझ्याकडे दोनदा आला होता. त्याला लिहायला दुसरा रकाना नाही. त्याने कोरा अर्ज घडी करून खिशात ठेवला, अजून परत आणलेला नाही.